पहिला दगड आणि मधला वेळ

'पहिला दगड कोणी मारायचा?' असे आपण मराठीत सहज बोलून जातो. हा वाक्प्रचार बायबलातून, म्हणजे पर्यायाने चर्चच्या दारातून आपल्याकडे आला, याची बोलणाऱ्याला आठवण नसते. नसायला हरकतही नाही. शब्द घरात रुळला की त्याचे माहेर कोणी विचारत नाही. मात्र रुळता रुळता त्याचा अर्थ पातळ झाला. 'सुरुवात कोण करणार' किंवा 'इथे निर्दोष कोण आहे' एवढेच आज आपण त्यातून घेतो. मूळ गोष्टीत याहून अधिक काही आहे. झुंडीच्या न्यायाचा विचार करताना मला ते फार उपयोगी पडले, आणि त्याच्या उजेडात आपले एक गाजलेले नाटक वेगळे दिसू लागले. या लेखाचा विषय तोच आहे.

मी कनेरगाव नाक्याचा. हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. अकोला-पूर्णा लोहमार्गावर त्याचे स्टेशनही आहे. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे वऱ्हाड अशी या टापूतली जुनी हद्द, आणि नावातला 'नाका' त्या हद्दीची आठवण राखून आहे. चर्च हा शब्द मी पुस्तकात आधी वाचला, इमारत पुष्कळ उशिरा पाहिली. तेव्हा झुंडीला आवर घालण्यात चर्चचा वाटा काय, हा प्रश्न मला श्रद्धेच्या वाटेने पडलेला नाही. तो एका मोबाइलवरच्या निरोपाने पडला.

२०१८च्या जूनमध्ये मुले पळवणारी टोळी आल्याचा निरोप महाराष्ट्रभर फिरत होता. माझ्याकडेही तो आला. भाषेच्या माणसाला अशा मजकुरात आधी भाषा दिसते. टोळी 'आपल्या भागात' आली होती. हा आपला भाग कोणाचा? वाचील त्याचा. कनेरगावात वाचला तर कनेरगाव, साक्रीत वाचला तर साक्री. पाहणाऱ्याचे नाव नव्हते, वार नव्हता, तारीख नव्हती. टोळी दिसली होती, पकडली गेली होती, कळले होते. कोणी पाहिली, कोणी पकडली, कोणाकडून कळले, याला कर्ताच नव्हता. मजकुरात थेट वाचणाऱ्याला उद्देशून आलेले क्रियापद एकच: पुढे पाठवा.

१ जुलै २०१८. रविवार. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षेसाठी उतरले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारे म्हणून जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले. तिथे वनखात्याची चौकी होती, पोलीसही होते. म्हणजे दोन्ही ठिकाणी सरकारी छप्पर हाताशी होते. एका ठिकाणी ते कोंडवाडा झाले, दुसऱ्या ठिकाणी ते पुरले नाही.

राईनपाड्याच्याच त्या रविवारी रात्री मालेगावात परभणी जिल्ह्यातले एक कुटुंब असेच जमावाच्या तावडीत सापडले होते. बरोबर लहान मूल होते. ती माणसे वाचली. पोलीस येईपर्यंत त्याच वस्तीतल्या लोकांनी त्यांना घरात घेतले होते. ते घर ना सरकारी होते ना देवाचे. म्हणून मला वाटते, प्रश्न भिंतींचा नाही. अफवा आणि निवाडा यांच्या मध्ये थोडा वेळ घुसवणारा कोणी आहे का, एवढाच तो आहे.

आता योहानाच्या आठव्या अध्यायाकडे येतो. सेरामपूरहून १८११ साली मोडी लिपीत छापलेला नवा करार निघाला. तेव्हापासून मराठी छापील पुस्तकात ही गोष्ट आहे. पहाटेची वेळ, मंदिराचे अंगण. व्यभिचारात धरलेल्या एका स्त्रीला शास्त्री-परूशी घेऊन येतात, मधोमध उभी करतात आणि येशूला विचारतात, मोशेचे नियमशास्त्र हिला दगडमार सांगते, तुझे म्हणणे काय? ज्याने पाप केले नसेल त्याने आधी दगड टाकावा, असे तो सांगतो आणि माणसे एकेक करून निघून जातात. आपल्याला आठवते ती एवढी गोष्ट.

पण ते नियमशास्त्र काढून पाहिले तर गंमत दिसते. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात दगडमाराची रीत दिली आहे: पहिला हात साक्षीदाराचा. ज्याने पाहिले असे सांगितले, त्यानेच आधी दगड उचलायचा. बाकीचे लोक नंतर. दोन अध्याय पुढे असेही आहे की साक्ष खोटी ठरली तर जी शिक्षा आरोपीला व्हायची ती साक्षीदाराला द्यावी. म्हणजे पहिल्या दगडाला नाव असते, आणि त्या नावाला जोखीम असते. येशू जमावाला पापपुण्याचे प्रवचन देत नाही. तो जमावाला त्याच्याच कायद्यातले विसरलेले कलम दाखवतो: आधी कोण, ते सांगा. दुसरा दगड कोणीही मारील. झुंड उभी असते ती दुसऱ्या दगडापासून पुढच्या दगडांवर.

त्याच कायद्याची आणखी एक अट तिथे मोडलेली आहे. लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत शिक्षा पुरुष आणि स्त्री दोघांना सांगितली आहे. अंगणात फक्त बाई आणली आहे. ती प्रत्यक्ष सापडली असे आणणारे सांगतात; मग पुरुष कुठे गेला?

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. प्रश्न विचारल्यावर येशू लगेच उत्तर देत नाही. तो खाली वाकतो आणि बोटाने जमिनीवर काहीतरी लिहितो. लोक पुन्हा पुन्हा विचारतात, तेव्हा उठून ते एक वाक्य बोलतो, आणि परत वाकून लिहू लागतो. काय लिहिले, यावर शतकानुशतके टीकाकारांनी तर्क लढवले आहेत. मला मजकुरात रस नाही. लिहायला वेळ लागतो, आणि लिहिणाऱ्याची मान खाली असते. तो जमावाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. त्या मधल्या वेळात जमावाची माणसे होतात. आधी वडीलधारी निघतात, मग इतर.

या उताऱ्याचे स्वतःचे नशीबही ऐकण्यासारखे आहे. चौथ्या शतकातल्या दोन थोर ग्रीक हस्तलिखितांत, सिनाइटिकस आणि व्हॅटिकानसमध्ये, तो नाही. काही प्रतींत तो लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसला आहे. बायकांना पाप करायला मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी तो काढून टाकला असावा, असे ऑगस्टीनचे मत होते. अभ्यासक आज ते मान्य करोत वा न करोत, झुंडीला थांबवणारी गोष्ट सांभाळणे चर्चलाही सोपे गेले नाही, हे मात्र खरे.

हे सगळे मनात ठेवून तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचून पाहावे. १९६७ साली 'रंगायन'ने ते रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, बेणारे सुलभा देशपांडे यांची. मध्यमवर्गीय ढोंगाचे नाटक, पुरुषी क्रौर्याचे नाटक, असे त्याचे वाचन आपल्याला पाठ आहे आणि ते चूक नाही. पण हे नाटक मला आता साक्षीपुराव्याचे नाटक वाटते. खेड्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेली मंडळी. प्रयोगाला अवकाश आहे, वेळ घालवायचा आहे, म्हणून गंमत म्हणून लुटुपुटीचा खटला. आरोप भ्रूणहत्येचा. गंमत कधी संपते ते कोणालाच, प्रेक्षकालाही, नेमके सांगता येत नाही. इथे वेळ हाताशी आहे, पण तो थांबण्यासाठी वापरला जात नाही, रंगण्यासाठी वापरला जातो.

पुरुष इथेही नाही. प्राध्यापक दामले आलेलाच नाही. त्याच्या नावाने सगळे बोलतात, आणि त्याची गैरहजेरी कोणालाच खटकत नाही. अंगणातल्या गोष्टीतला तो पळालेला पुरुष जणू इथे मुंबईत घरी बसला आहे.

आणि साक्षीदार? इथे तेंडुलकरांच्या हाताला खरी धार आहे. गावातला सामंत, ज्याला या बाईविषयी काहीच माहिती नाही, ज्याचे तिच्याशी वैर नाही, त्याला साक्षीदार म्हणून उभे केले जाते. काय बोलावे कळेना म्हणून तो खिशातल्या एका फुटकळ कादंबरीतून साक्ष वाचून दाखवतो. ती कल्पित साक्ष पुढे खऱ्या आरोपाला चिकटते. कोणी पाहिले? कोणी नाही, कुठेतरी छापलेले होते, ते वाचले. २०१८च्या जूनमधल्या त्या निरोपाचा आराखडा तेंडुलकरांनी अर्धशतक आधी रंगमंचावर मांडून ठेवला होता, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. सामंत दुष्ट नाही. पुढे पाठवणारे बहुतेक लोक दुष्ट नव्हतेच.

त्या दाराकडेही पाहावे. नाटक सुरू होताना बेणारेचे बोट दाराच्या कडीत सापडते. पुढे ती बाहेर पडू पाहते तेव्हा दार बाहेरून लागलेले असते. पहिल्या वेळी आपण हसतो. सार्वजनिक हॉल, बाहेरून लागलेली कडी, आत एक माणूस आणि त्याच्याभोवती ओळखीची माणसे. राईनपाड्याच्या ग्रामपंचायतीची खोली डोळ्यांपुढे आली की हे दार मला नाटकातले सर्वांत भीतिदायक पात्र वाटते.

मराठी लेखनाने झुंड चांगली पाहिली आहे. झुंडीचा बळीही पाहिला आहे. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी तर तो आतून सांगितला. 'उपरा' आणि 'उचल्या' वाचलेल्या माणसाला परक्याकडे संशयाने पाहणारे गाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 'फँड्री'त अखेर जब्या दगड उचलतो आणि तो सरळ आपल्या दिशेने येतो. तिथे पहिल्या दगडाला नाव आहे, चेहरा आहे, म्हणून तो झुंडीचा दगड वाटत नाही. पण मधला माणूस, वेळ काढणारा, दार उघडणारा, तो आपल्या कथा-कादंबऱ्यांत कमी आला आहे. नायकाला गर्दीवर तुटून पडायला लावणे लेखकाला आवडते. खाली मान घालून जमिनीवर रेघोट्या काढणाऱ्याचे नाट्य रंगवणे अवघड आहे. तेंडुलकरांनी शेवटी सामंताला तो खेळण्यातला पोपट बेणारेजवळ ठेवायला लावला, एवढी एक हालचाल. ती खरी आहे, पण उशिराची आहे.

चर्चने हा मधला वेळ कधी संस्थेच्या रूपात उभा केला का? बायबलच्या गणना या पुस्तकात पस्तिसाव्या अध्यायात सहा नगरांची योजना आहे. हातून नकळत मनुष्यहत्या झालेल्याने तिथे पळून जावे. सूड घेणाऱ्याने मंडळीपुढे निवाडा होण्याआधी त्याला मारू नये. ही सोय स्वकीयांना जशी, तशीच परक्यांना आणि उपऱ्यांनाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. या नगरांना मराठी बायबलने सुंदर शब्द दिला: शरणपूर. नाशिककरांना तो बायबलशिवाय माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिशनऱ्यांनी तिथे शरणपूर नावाची वसाहत केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही तिथे वाढली. त्यांतला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या मृतदेहासोबत १८७४ साली लंडनला पोचला. आज शरणपूर रोडला माणसे खरेदीला जातात. आमच्या मराठवाड्यात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसवले, त्याला जमीन मिळाली सालारजंगांकडून. ज्यांना गावाच्या आत कधी न्यायच मिळत नव्हता त्यांना या वस्त्यांनी छप्पर दिले. मात्र शरण आलेल्याला वेगळे गाव दिले, की मूळ गाव जसे होते तसेच राहते. धर्मांतराच्या वादात मला शिरायचे नाही. झुंड ज्या चौकात जमते त्या चौकात शरणपूर नव्हते, ते गावाबाहेर होते, एवढेच नोंदवतो.

चौकातच उभे राहिल्याचे उदाहरण जुलै १९८५चे आहे, दक्षिण आफ्रिकेतले. जोहान्सबर्गच्या पूर्वेला डुडुझा या वस्तीत अंत्ययात्रेच्या वेळी पोलिसांचा खबऱ्या म्हणून एका माणसाला जमावाने धरले. तेव्हा अशा माणसाच्या गळ्यात पेट्रोल भरलेला टायर घालून जाळण्याचा प्रघात पडत होता. बिशप डेस्मंड टुटू आणि बिशप सिमियन न्कोआने यांनी त्याला जमावाच्या हातून सोडवले आणि गाडीतून दूर काढले. टुटूंचे वजन असे की त्यांना ढकलून देणे कोणाला जमले नाही. ते जमावाच्याच बाजूचे होते, जमावाच्याच दुःखाला आले होते. हे फार मोलाचे आहे. बाहेरून येऊन उपदेश करणारा तिथे अर्धे मिनिटही टिकला नसता. आणि तरीही दहा दिवसांनी, त्याच डुडुझात, माकी स्कोसाना या तरुणीला खबरी ठरवून जाळण्यात आले. त्या दिवशी मध्ये उभे राहायला बिशप नव्हते. एका माणसाच्या वजनावर चाललेले शरणपूर तो माणूस निघून जाताच मिटते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख चर्चच्या जाहिरातीसारखा होईल. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या माणसांना झाडाला टांगणारे लोक रविवारी प्रार्थनेला जात होते. क्रूस आणि ते झाड यांतले साम्य गोऱ्या धर्मशास्त्र्यांना कसे दिसले नाही, यावर जेम्स कोन यांनी २०११ मध्ये अख्खे पुस्तक लिहिले. रवांडात तर १९९४च्या आधीच्या दंगलींत चर्चमध्ये शिरलेली माणसे वाचली होती, म्हणून १९९४ मध्येही ती चर्चमध्ये शिरली. न्यांगे येथे आश्रयाला आलेल्यांसह चर्च बुलडोझरने पाडण्यात आले, आणि त्या प्रकरणात तिथल्याच धर्मगुरूला, आतानाझ सेरोम्बाला, आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवले. पवित्र जागा जमावाला थांबवते ती जमावाच्या मनातल्या धाकामुळे. तो धाक गेला की उरते ती एकच दार असलेली इमारत.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाचे एक जुने, देशी रूप आहे. नामदेव परंपरेने नर्सीचे. औंढ्याच्या नागनाथापुढे कीर्तनाला उभे राहिले असता त्यांना जातीवरून हाकलले. ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले. आणि देऊळच फिरले. गुरू ग्रंथसाहेबातल्या नामदेवांच्या ६१ पदांत देऊळ फिरल्याची ही हकीकत आहे, म्हणजे ती पंजाबपर्यंत गेली. भक्तमंडळी ती चमत्कार म्हणून सांगतात. मला तिच्यातली रचना दिसते. देव हाकलणाऱ्यांना शाप देत नाही, वीज पाडत नाही. तो पाठ फिरवतो, एवढेच. समोर उभ्या राहिलेल्या जमावाला अचानक कळते की आपण मागच्या बाजूला आहोत. योहानाच्या अंगणातली खाली घातलेली मान आणि औंढ्याची ही फिरवलेली पाठ मला एकाच जातीच्या हालचाली वाटतात.

याच जिल्ह्याची दुसरी आठवणही ओघाने सांगून टाकतो. मेडोज टेलरने १८३९च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'च्या प्रस्तावनेत लिहिले आहे की हिंगोलीच्या छावणीत ठगांचा एक म्होरक्या प्रतिष्ठित व्यापारी म्हणून राहत होता. आमच्या रस्त्यावर तेव्हा वाटसरू मारला जाई आणि मारणारा बाजारातला ओळखीचा माणूस असे. परक्याला पाहून दगड उचलणाऱ्यांनी हा इतिहास उलटा पाठ केलेला दिसतो.

इथवर मी 'थोडा वेळ काढा' असे म्हणत आलो. आता माझ्याच म्हणण्याला सर्वांत जड जाणारे उदाहरण. १३ ऑगस्ट २००४. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणलेल्या अक्कू यादवला कस्तुरबा नगरातल्या बायकांच्या जमावाने न्यायालयाच्या खोलीतच मारले. बलात्कार, खून, खंडणी असे त्याच्यावरचे आरोप, वर्षानुवर्षांची दहशत, तो जामिनावर सुटून पुन्हा वस्तीत येणार ही भीती. नंतर शेकडो बायका पुढे येऊन म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना अटक करा. २०१४ मध्ये खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. इथे साक्षीदार अनाम नव्हते. अफवा नव्हती. पहिला दगड कोणाचा, या प्रश्नाला 'आमचा' असे उत्तर द्यायला अख्खी वस्ती तयार होती. वेळ? वेळ तर त्यांनी इतका काढला होता की त्या वेळातच त्यांच्या मुली मोठ्या होत होत्या.

राईनपाडा आणि नागपूर यांना एकाच 'झुंडीचा न्याय' या शब्दाखाली ठेवताना माझी लेखणी अडखळते. शब्द एक आहे, कारणे एक नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी, राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, तहसीन पूनावाला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वयक अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जमावाने केलेल्या खुनाला वेगळे कलम आले; योगायोगाने तारीख राईनपाड्याचीच. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. पण कलम खुनानंतर सुरू होते, आणि अधिकारी जिल्ह्याच्या गावी असतो.

नागपूरच्या त्या बायकांना 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कोणाला होता? योहानाच्या आठव्या अध्यायात मला याचे उत्तर सापडत नाही. तिथे दगड हातात घेतलेले लोक बलवान आहेत. थोडेसे सापडते ते अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात. शरणपुरे नुसती नेमून भागत नाही, असे तिथे सांगितले आहे. देशाचे तीन भाग करावेत, तिथे पोचण्याचे रस्ते तयार ठेवावेत, म्हणजे वाट लांब पडून पळणारा मध्येच गाठला जाणार नाही. अंतर मोजायला सांगणारा हा नियम मला आवडतो. कस्तुरबा नगरच्या बायकांना मात्र पोलीस ठाणे लांब नव्हते.